सतरंज्या कोण घालणार?

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा. पण मिरजेत राहत असाल किंवा मिरजेचे असून पुण्या-मुंबईत राहत असाल, तर वाचाच.

गेल्या रविवारी आमच्या संगीत मंडळाची वार्षिक सभा झाली. सभा म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. आम्ही सहा जण होतो. त्यातले एक हॉलची चावी द्यायला आले होते, चहा आला म्हणून थांबले. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं, जमाखर्च वाचला, दोन्ही मंजूर. यंदाची मैफल कधी घ्यायची यावर बोलणं सुरू झालं तसे अण्णा म्हणाले, "तारीख नंतर ठरवा. आधी सतरंज्या कोण घालणार ते सांगा."

कुणी काही बोललं नाही. अण्णा बहात्तर वर्षांचे आहेत. रेल्वेत होते. गेली चाळीस वर्षं मैफलीच्या दिवशी दुपारी तीनला हॉलवर येऊन झाडलोट करणं, सतरंज्या घालणं, तक्क्यांना धुतलेले अभ्रे चढवणं, ही कामं त्यांची. महालक्ष्मीनं पहाटे उतरणाऱ्या कलाकाराला स्टेशनवर घ्यायलाही तेच जायचे. आता गुडघे गेलेत. ते रागावून बोलले नव्हते. हिशेब विचारावा तसं विचारलं त्यांनी.

मग एकानं सुचवलं की एक बिल्डर सगळा खर्च करायला तयार आहेत. खुर्च्या, एलईडी पडदा, लाइट, सूत्रसंचालक, सगळं एक कंपनी बघेल. आपण फक्त पुढच्या रांगेत बसायचं. अट एवढीच, की मंडळाच्या नावाआधी त्यांच्या प्रकल्पाचं नाव लागेल. दुसरे म्हणाले, त्यापेक्षा मंडळच बंद करू, अब्रूनं तरी बंद होईल. निर्णय काही झाला नाही. "पुढच्या सभेत पाहू" असं लिहून सह्या झाल्या.

मी बातमीदार आहे. याची बातमी केली असती तर चार ओळींची झाली असती आणि ती आतल्या पानावर निविदा-सूचनेच्या शेजारी लागली असती. म्हणून इथे लिहितोय.

आपण मिरजेला संगीतनगरी म्हणतो. स्वागताच्या कमानींवर लिहितो, नेते भाषणात म्हणतात, मी स्वतः शेकडो बातम्यांत हा शब्द वापरलाय. पण हे गाव संगीताचं झालं कसं, असं विचारलं की आपण मोठी नावं मोजतो आणि थांबतो. ती नावं खरीच आहेत. पण नावं मोजून झालेला इतिहास अर्धाच असतो.

सुरुवात संस्थानापासून करावी लागते. मिरजेचे पटवर्धन गाण्याला आश्रय देणारे होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकून इकडे आले आणि महाराष्ट्रात ख्याल रुजवण्यात त्यांचा वाटा फार मोठा. त्यांच्याकडे मिरजेत शिकायला आला तो कुरुंदवाडचा मुलगा विष्णू दिगंबर पलुस्कर. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झालेली, पुस्तकी शिक्षण अवघड झालेलं, म्हणून गाणं. अशी ती गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. एका समारंभाचं निमंत्रण विष्णुबुवांना आलं आणि त्यांच्या गुरूंना आलं नाही. का, असं विचारल्यावर मिळालेल्या उत्तराचा अर्थ असा, की ते काय, गवईच. ही हकीकत बुवांच्या चरित्रात नेहमी येते. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. राजाच्या मर्जीवर गाणं जगवायचं नाही, लोकांच्या जिवावर जगवायचं, हा त्यांचा निश्चय तिथून धरावा लागतो. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर गाणं केलं. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९०८ मध्ये मुंबईत.

आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. क्लास काढला, फी घेतली, झालं. पण त्या काळी गाणं शिकायचं म्हणजे उस्तादाच्या घरी पाणी भरायचं, वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि त्यानं शिकवलं तर शिकायचं. वर्ग, वेळापत्रक, छापील पुस्तक, परीक्षा, देणगीची पावती ही सगळी नवी सामग्री होती. आणि ती आणणाऱ्यात बुवा एकटे नव्हते. मुंबईत पारशी मंडळींनी १८७० मध्येच गायनोत्तेजक मंडळी काढली होती. वकिली शिकलेले भातखंडे तिथलेच सभासद. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज निघाला, त्याची मद्रासलाही शाखा झाली. कोल्हापूरचा देवल क्लब आपली सुरुवात १८८३ ची सांगतो. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये पुण्यात जो गायन समाज काढला तो भारत गायन समाज या नावानं आजही आहे.

या संस्थांचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. चालवणारे बहुतेक गवई नव्हते. कारकून, वकील, मास्तर, व्यापारी. दिवसभर कचेरीत आणि संध्याकाळी समाजात. आपल्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल सरकारी अधिकारी होते. त्यांनी बावीस श्रुतींची मोजमापं करून १९१० मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यासाठी आवाज कुणाचा वापरला? अब्दुल करीम खाँसाहेबांचा. एक निवृत्त अधिकारी आणि एक किराण्याचा गवई समोरासमोर बसून स्वर मोजतायत, हे चित्र मला फार आवडतं.

पण विष्णुबुवांच्या गोष्टीचा शेवट विसरू नका. मुंबईच्या इमारतीचं कर्ज झालं. बुवा दौरे करून पैसे आणायचे, ते पुरेनात. शेवटी इमारत गेली, सामानाचाही लिलाव झाला. ज्यानं देशभर संस्था काढायला शिकवलं त्याची स्वतःची संस्था हिशेबात बुडाली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी बुवा गेले, ते मिरजेतच. ज्या गावातून मानापमानावरून निघाले त्याच गावात.

त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. एका माणसाच्या खांद्यावरचं ओझं अनेकांनी वाटून घेतलं. विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर ही त्या पिढीतली माणसं. यातले विनायकबुवा जन्मानं मिरजेचे. या मंडळाचं कार्यालय आपल्या गावात आहे आणि त्यांच्या परीक्षा देशभर होतात. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत. माझी बहीण प्रवेशिका पूर्णला बसली होती तेव्हा परीक्षेचं केंद्र एका शाळेत होतं. बाहेर व्हरांड्यात एक मास्तर मुलांची पेटी पुसून देत होते, रडणाऱ्या एका पोराला गोळी देत होते, आणि तबलजी आला नाही म्हणून स्वतःच ठेका धरायला बसले. त्यांना त्याचे पैसे मिळाले असतील असं मला वाटत नाही. अशी केंद्रं अशाच मास्तरांवर चालतात.

आता दर्ग्याकडे येऊ. खाँसाहेबांकडे.

अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या किराण्याचे. बडोद्याला दरबारात होते. तिथून ताराबाई मान्यांबरोबर बाहेर पडले, मुंबई, मिरज, बेळगाव, पुणे असा संसार आणि गाणं एकत्र फिरलं. पुण्यात १९१३ मध्ये आर्य संगीत विद्यालय काढलं. मिरजेत प्लेगनं आजारी पडले असता मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि बरे झाले, असं गावात सांगतात. ते खरं-खोटं करायला मी बसत नाही. पुढे ते मिरजेत स्थायिक झाले आणि दर्ग्यात हजेरी लावत राहिले, एवढं खरं. मुलगी हिराबाई बडोदेकर, तिचा जन्म १९०५ चा, मिरजेतलाच. शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. त्यांचे शिष्य भीमसेन आणि गंगूबाई. नकाशा काढला तर किराणा घराण्याची ही सगळी गावं पुणे, मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी या एका रेल्वेलाइनीवर बसतात. घराण्याच्या इतिहासात रेल्वेला कुणी श्रेय देत नाही. अण्णा मात्र देतात. अर्थात ते रेल्वेतलेच.

आणि मरणही त्यांना रेल्वेनंच आलं म्हणायचं. ऑक्टोबर १९३७. मद्रासकडचा दौरा. पाँडिचेरीला जात असताना गाडीत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले. फलाटावर बिछाना घातला, तंबोरा जुळवायला सांगितलं, दरबारी गात प्राण सोडला. २७ ऑक्टोबरला. तिथून त्यांना मिरजेला आणलं आणि दर्ग्याच्या आवारात दफन केलं.

त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीत सभा होते हे आपल्याला पाठ आहे. मोठमोठे कलाकार बिदागीची बोली न करता येतात, हजेरी लावतात. गायला आलो असं म्हणत नाहीत, हजेरी लावायला आलो म्हणतात. पण एक गोष्ट बघा. उरूस चंद्राच्या हिशेबानं येतो. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. म्हणजे ही सभा कधी थंडीत, कधी वैशाखात, कधी ऐन पावसाळ्यात पडते. एका वर्षी मांडव पाण्यासाठी बांधायचा, एका वर्षी उन्हासाठी. एका वर्षी शाळेच्या परीक्षा, एका वर्षी पेरण्या. गेली ऐंशीवर वर्षं दरवेळी कुणीतरी हे निस्तरलंय. कलाकारांची नावं पत्रिकेवर आहेत. मांडववाल्याचं नाव तुम्हाला आठवतं का? मलाही नाही.

त्याच उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. ही जुनी रीत. ज्या काळात देवळाच्या पायरीवर त्यांना उभं करत नव्हते त्या काळापासून दर्ग्यावरचा पहिला मान त्यांचा. संगीतनगरी म्हणताना हेही म्हणायला हवं.

आणि सतारमेकर गल्ली. तलवारींना धार लावणारे, शस्त्रं घडवणारे शिकलगार. शस्त्रांचं काम संपत गेलं तसे एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. पंढरपूरकडचे भोपळे, लाकूड, खुंट्या, आणि मग जवारी. जवारी म्हणजे घोडीवर तारेखाली जो नेमका उतार लागतो तो. त्यानंच तंबोरा बोलतो. देशभरातल्या गवयांच्या मागे वाजणारे किती तंबोरे या गल्लीतून गेलेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी पानभर बातमी केली. जे त्या बातमीत आलं नाही ते इथे सांगतो. आमच्या मंडळाच्या दोन तंबोऱ्यांची जवारी त्या गल्लीतले एक चाचा कित्येक वर्षं फुकट काढून देत होते. पैसे विचारले की म्हणायचे, "पैसे कशाला? मला मागं बसायला जागा ठेवा." जागा ठेवायचो. शेवटच्या रांगेत, खांबाजवळ, कारण त्यांना पाठ टेकायला लागायची. आता विचार केला तर वाटतं, पुढे का नाही बसवलं त्यांना आम्ही? पुढच्या रांगेत कोण असायचं, तर देणगीदार आणि नगरसेवक.

२००९ चा सप्टेंबर. मी बातमीदारीत नवा होतो. गणेशोत्सवात एका कमानीवरून पेटलं, दगडफेक झाली, संचारबंदी लागली. गावाचं नाव देशभरच्या चॅनलवर गेलं. त्या दिवसांत मी बघितलेलं सगळं लिहिणार नाही. ओळखीची माणसं ओळख दाखवत नव्हती एवढं पुरे. त्या वर्षी आमची मैफल घ्यायची की नाही यावर सभा झाली. तेव्हा सभेला माणसं यायची. कुणी म्हणालं वातावरण निवळू दे, कुणी म्हणालं पोलीस परवानगी देणार नाहीत. अण्णा म्हणाले, "तंबोऱ्याची जवारी काढायची आहे. चाचांकडं कोण जातंय ते सांगा." त्यावर दोघं उठले आणि गेले. मीही मागून गेलो. चाचांनी दार उघडलं, तंबोरा घेतला, आत नेऊन ठेवला, चहा टाकायला सांगितला. कुणीही दंगलीवर बोललं नाही. आठ दिवसांनी तंबोरा तयार होता. मैफल झाली. माणसं नेहमीच्या निम्मीसुद्धा नव्हती, पण चाचा खांबाजवळ होते.

गाण्यानं दंगल थांबते असलं काही मी म्हणणार नाही. नाही थांबत. २००९ मध्ये या गावात खाँसाहेबांची कबर होतीच आणि तरी दंगल झालीच. पण दंगलीनंतर एकमेकांच्या दारात जायला काहीतरी कारण लागतं. आमच्याकडे ते होतं. एक न बोलणारा तंबोरा.

आता मंडळाच्या कपाटातल्या जुन्या वह्यांबद्दल. सभेनंतर मी त्या घरी आणल्यात. पावती पुस्तकांच्या स्थळप्रती, अहवाल, आणि 'कार्यकर्ते' अशी एक वही. त्यात प्रत्येक मैफलीला कुणाकडे काय काम, ते लिहिलेलं आहे. एक कंपाउंडर, एक शिंपी, रेल्वेचे चार-पाच जण, बँकेतले, प्रेसमधला एक कंपोझिटर, मिशन हॉस्पिटलमधला एक वॉर्डबॉय. चहा, चपला, माईक, पाणी, बैठक, स्टेशन. 'चपला' हे स्वतंत्र खातं होतं. हसू नका, दोनशे माणसांच्या चपला सांभाळणं म्हणजे सोपं काम नव्हे.

सगळी वही पुरुषांच्या नावांची. पण कलाकार जेवायचे कुठे? कुणाच्या तरी घरी. अहवालात लिहिलंय: भोजनव्यवस्था श्री. अमुक अमुक. श्रींनी आयुष्यात कधी कांदा चिरला नसेल. साथीदार धरून सात-आठ माणसांचा स्वयंपाक, कुणाला तिखट चालत नाही, कुणाचा उपास, कुणी गाण्याआधी जेवत नाही म्हणून रात्री एकला ताट वाढायचं. हे ज्यांनी केलं त्या कार्यक्रमाला उशिरा यायच्या, मागच्या दाराजवळ बसायच्या आणि मध्यंतरात चहासाठी परत आत जायच्या. बाईनं तिकीट लावून बैठकीत गायचं हे महाराष्ट्रात रुळवलं ते याच गावात जन्मलेल्या हिराबाईंनी. आणि आमच्या कार्यकारिणीत पहिली बाई यायला मंडळाला पंचवीसेक वर्षं लागली. तीही खजिनदार म्हणून, कारण जमाखर्च कुणाला नको होता.

माणसं कमी का झाली? सोपं उत्तर तयार असतं: टीव्ही, मोबाइल, पोरांना आवड नाही. मला ते पटत नाही. काही कारणं गावाची आहेत. शिकलेली पोरं पुण्याला गेली, नोकऱ्या तिकडे आहेत. काही कायद्याची आहेत. आवाजाचे नियम २००० साली आले, पुढे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे लागू केले, रात्री दहाला माईक बंद. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, ती बहुतेक मोठ्या उत्सवांत संपते. नियमाला माझा विरोध नाही. हॉस्पिटलांचं गाव आहे हे, डीजेनं लोक हैराण आहेत. पण त्यात रात्रभराची बैठक गेली. मालकंस, दरबारी ऐन वेळेला ऐकायचे, भैरवीला बाहेर उजाडलेलं असायचं, ते संपलं. रात्रभर एकत्र जागलेल्या माणसांची एक ओळख होते. सात ते दहाच्या कार्यक्रमात ती होत नाही. माणूस घड्याळ बघत येतो, घड्याळ बघत जातो.

दुसरं, कागद. आमचं मंडळ नोंदणीकृत आहे. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत फेरफार अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. आमचे दोन विश्वस्त वारले, अहवाल वेळेत गेला नाही, उशीर माफीचा अर्ज करा, मृत्यूचे दाखले जोडा, वारसांची पत्रं आणा. इकडे बँक म्हणते सह्या बदला, केवायसी द्या, नवे विश्वस्त मंजूर झाल्याचा कागद आणा. त्यामुळे आमच्याच खात्यातले आमचेच पैसे दीड वर्ष अडकले. जिल्ह्यातली किती लहान मंडळं अशी कागदावर जिवंत आणि खात्यावर बेशुद्ध आहेत ते बघण्यासारखं आहे. वाचनालयं, व्यायामशाळा, भजनी मंडळंसुद्धा. घोटाळे होतात म्हणून कायदा लागतो, हे मान्य. पण कोट्यवधींच्या ट्रस्टला आणि सतरंज्यांच्या मंडळाला एकच रकाना, हे काही पटत नाही.

तिसरं कारण आम्ही. हे लिहायला जड जातंय, पण लिहितो.

पोरं येत नाहीत, असं आम्ही सभेत दरवर्षी म्हणतो. तीच पोरं गणपतीत रात्र रात्र मांडव घालतात, उरुसात पाणी वाटतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा शाळेत आणलेल्या लोकांना अंथरायला काही नव्हतं. गल्लीतल्या पोरांना आठवलं की संगीत मंडळाकडे सतरंज्या आहेत. रात्री अकराला अण्णांकडून चावी घेतली, सगळ्या सतरंज्या टेम्पोत घालून नेल्या. आठवडाभर त्यावर माणसं झोपली. परत आणताना पोरांनी त्या धुऊन, वाळवून, घड्या घालून आणल्या. मोजून. एकही कमी नव्हती.

त्याच पोरांतली दोघं पुढच्या वर्षी सभेला आली होती. एक सतारमेकर गल्लीतला, एक मिशन कंपाउंडमधला. म्हणाले, वर्षातून एक संध्याकाळ आम्हाला द्या. गावातले शिकणारे वाजवतील, सतार, गिटार, ढोलकी, जे येतं ते. आम्ही सगळं बघतो, तुम्ही फक्त हॉल आणि नाव द्या. अर्धा तास चर्चा झाली. शास्त्रीय संगीताच्या प्रसारासाठी मंडळ आहे, घटनेत तसं लिहिलंय, गिटार कशी चालेल, असं ठरलं. मी तिथेच होतो. मला म्हणायचं होतं की घटनेत 'प्रसार' लिहिलंय आणि तो कसा होतो ते ही पोरं सांगतायत. म्हणालो नाही. समोर सगळे ज्येष्ठ होते. चहा पिऊन घरी आलो. पोरं परत आली नाहीत, आणि का येतील?

सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या शिष्यांनी पुण्यात पुण्यतिथीला गाणं केलं. त्या वेळी भीमसेन तिशीतले होते. आज ज्या महोत्सवाची तिकिटं संपतात तो तिशीतल्या माणसानं हातात घेतलेला आहे. आमच्या कार्यकारिणीत मी सर्वांत लहान आहे आणि माझे केस पांढरे झालेत.

काल संध्याकाळी अण्णांकडे गेलो. बिल्डरचं काय करायचं ते विचारायला. ते म्हणाले, "पैसे घ्यायला माझी ना नाही. राजाकडनं घेतलेच की सगळ्यांनी. पण खुर्च्या नकोत. खुर्चीवर माणूस सुटा बसतो. सतरंजीवर सरकून जागा द्यावी लागते." मग म्हणाले, "ती दोन पोरं कुठायत?"

एक जण आता पुण्यात आहे. दुसरा इथेच, बापाबरोबर तंबोरे करतो. आज सकाळी त्याच्याकडे जाऊन आलो. आधी काही बोलला नाही, हातातली खुंटी घासत राहिला. मग म्हणाला, "सर, गिटार चालणार हाय का?" म्हंटलं, मी सभेत मांडतो. या वेळी नक्की मांडतो. तो म्हणाला, "आधी मांडा, मग बघू."

तर येत्या रविवारी संध्याकाळी सहाला पुन्हा सभा आहे, त्याच हॉलवर. सभासद नसलात तरी या, बसता येतं. त्याच दिवशी सकाळी आठला सतरंज्या उन्हात टाकायच्या आहेत, पावसाळ्यात कपाटाला ओल आली होती. अण्णा खुर्ची टाकून बसणार आहेत आणि घडी कशी घालायची ते सांगणार आहेत. उलगडताना व्यासपीठाच्या बाजूनं मागे जायचं असतं, हे मला आजवर माहीत नव्हतं. जुने कपडे घालून या, धूळ फार आहे.